दोन मिनिटांतली छाप

काही वर्षांपूर्वी उत्तर भारतातील एका विद्यापीठात सहायक प्राध्यापकांच्या निवड समितीवर बाहेरचा तज्ज्ञ म्हणून मी बसलो होतो. जागा तीन, उमेदवार चाळीसहून अधिक आणि हाताशी दीड दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन उमेदवार लागोपाठ आले. पहिला महानगरातील नामवंत महाविद्यालयात शिकलेला. त्याने हसून अभिवादन केले, खुर्ची किंचित मागे ओढून तो निवांत बसला आणि पहिल्याच प्रश्नाला ‘नेमके उत्तर मला ठाऊक नाही, पण अंदाज बांधून पाहतो’ असे म्हणून त्याने समितीला जिंकून घेतले. दुसरी उमेदवार दारातच थबकली. ‘बसा’ असे तिला दोनदा सांगावे लागले. तिच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘सर’ होते. तिचा प्रबंध कालव्याच्या पाण्याच्या वाटपावर होता आणि त्यासाठी ती कालव्याच्या अगदी टोकाकडच्या, पाणी शेवटी पोहोचणाऱ्या गावांत दोन हंगाम राहिली होती. अध्यक्षांनी तिला विचारले, ‘वडील काय करतात?’ शेतमजुरी, असे ती म्हणाली. कोणीतरी सहानुभूतीने मान डोलावली. मी माझ्या कागदावर पहिल्यासमोर ‘आत्मविश्वास’ असे लिहिले आणि दुसरीसमोर ‘बुजरी’. वडिलांविषयीचा तो प्रश्न पहिल्याला का विचारला गेला नाही, हे मी त्या खोलीत विचारले नाही.

मुलाखतीत छाप कशी पाडावी, याचे मार्गदर्शन करणारा एक मोठा व्यवसाय आपल्या देशात उभा राहिला आहे. दिल्लीतील राजेंद्रनगर आणि मुखर्जीनगर, पुण्यातील सदाशिव पेठ, हैदराबादेतील अशोकनगर येथे सराव-मुलाखतींचे फलक भिंतीभिंतींवर दिसतात. सदरा फिका असावा, दार हलके लोटावे, खुर्चीच्या पाठीला टेकावे पण रेलू नये, नजर चुकवू नये, उत्तर येत नसेल तर तसे मोकळेपणाने सांगावे. हा सल्ला खोटा नाही. त्याचा उपयोगही होतो. अडचण अशी की, त्यात छाप हे केवळ उमेदवाराचे कौशल्य मानले जाते. मराठीतला ‘छाप’ हा शब्द अधिक प्रामाणिक आहे. ठसा उमटायचा तर शिक्का लागतो तसा कागदही लागतो, आणि कागद आधीच कुठे मऊ, कुठे खडबडीत असेल तर एकाच शिक्क्याचे दोन ठसे उमटतात. उमेदवाराने काय करावे, हे सांगणारी पुस्तके हजारो आहेत. समोर बसणाऱ्यांनी काय करावे, हा मात्र सार्वजनिक धोरणाचा प्रश्न आहे आणि त्याकडे आपण तुकड्यातुकड्यांनीच पाहत आलो आहोत.

या प्रश्नाचा एक मूळ दस्तऐवज श्रीनगरचा आहे. तेथील प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण होते, म्हणजे एकूण गुणांचा तिसरा हिस्सा तोंडी. लेखी परीक्षेत पुढे असलेले अनेक विद्यार्थी मुलाखतीनंतर यादीबाहेर गेले आणि मागे असलेले आत आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेले. ‘अजय हासिया विरुद्ध खालिद मुजीब’ या नावाने ते ओळखले जाते. नोव्हेंबर १९८० मध्ये न्या. पी. एन. भगवती यांनी लिहिलेल्या निकालात त्या मुलाखतींचे जे वर्णन येते, ते आजही वाचण्याजोगे आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला सरासरी दोन-तीन मिनिटे मिळाली होती आणि विचारलेले प्रश्न बव्हंशी आईवडील कोण, राहणे कुठे, अशा स्वरूपाचे होते. म्हणजे ज्या माहितीसाठी अर्जाचा एक रकाना पुरेसा होता, तिच्यावर ५० गुण ठरत होते. न्यायालयाने मुलाखत ही पद्धतच घटनाबाह्य ठरवली नाही. तिच्यातील उणिवा मान्य करूनही, लेखी परीक्षेला पूरक म्हणून तिला जागा आहे असे म्हटले. परंतु एकतृतीयांश गुण हे मनमानीला आमंत्रण आहे आणि अशा प्रवेशांत १५ टक्क्यांहून अधिक गुण तोंडी परीक्षेला नसावेत, असे स्पष्ट केले. शिवाय एक व्यवहार्य सूचनाही केली: मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, म्हणजे पुढे वाद झाला तर न्यायालयाला काहीतरी ऐकता येईल.

पुढच्याच वर्षी राजस्थानातील मुन्सिफांच्या भरतीचे ‘लीला धर’ प्रकरण आले. त्यात न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी दुसरी बाजू तितक्याच समर्थपणे मांडली. शाळकरी वयाच्या विद्यार्थ्याचे व्यक्तिमत्त्व अजून घडायचे असते, तेथे मुलाखतीला फारसे वजन देणे चूक; पण न्यायाधीशाच्या पदासाठी आलेला प्रौढ पदवीधर लेखी उत्तरांतून पुरता दिसत नाही, तेथे तोंडी परीक्षेला अधिक वजन देता येईल, असा त्या निकालाचा आशय होता आणि २५ टक्के गुण न्यायालयाने वैध ठरवले. हा युक्तिवाद आजही मुलाखतीच्या बाजूने करता येण्याजोगा सर्वांत सशक्त युक्तिवाद आहे.

मग १९८५ मध्ये हरियाणाचे ‘अशोककुमार यादव’ प्रकरण. तेथील राज्यसेवेत सर्वसाधारण उमेदवारांसाठी मुलाखतीचे प्रमाण २२.२ टक्के आणि माजी सैनिक अधिकाऱ्यांसाठी ३३.३ टक्के होते. उपलब्ध जागांच्या वीसपटीहून अधिक, म्हणजे १३०० वर उमेदवार मुलाखतीला बोलावले गेले होते. इतक्या गर्दीत लेखी परीक्षेतील क्रम पुसून टाकणे किती सोपे होते, हे सांगायला गणितज्ञाची गरज नाही. न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. मुलाखतीला जागांच्या दुप्पट, फार तर तिप्पट उमेदवार बोलवावेत. आणि केंद्रीय लोकसेवा आयोग जे १२.२ टक्क्यांचे प्रमाण पाळतो, तेच राज्यांनीही पाळावे. निवड मंडळावरच्या सदस्याचा जवळचा नातेवाईक उमेदवार असेल तर त्या मुलाखतीपुरते त्याने बाजूला व्हावे, हेही न्यायालयाला सांगावे लागले, यातच तेव्हाची परिस्थिती कळते.

ज्या केंद्रीय आयोगाचा दाखला न्यायालयाने दिला, त्याच्याकडे जरा थांबून पाहायला हवे. सनदी सेवेसाठी खुली स्पर्धा १८५५ मध्ये लंडनला सुरू झाली, ती ओळखीपाळखीने होणाऱ्या नेमणुका थांबवण्यासाठी. पण कागदावरच्या गुणांवर साम्राज्याचा पूर्ण विश्वास कधीच नव्हता. लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेले अरविंद घोष १८९२ मध्ये घोडेस्वारीच्या चाचणीअभावी सेवेबाहेर राहिले. त्यांनी ती चाचणी मनापासून टाळली असे मानले जाते, आणि देशाचे त्यात नुकसान झाले असे कोणी म्हणणार नाही. तरीही त्या चाचणीमागची धारणा लक्षात घेण्याजोगी आहे: प्रशासक कसा दिसतो, कसा बसतो, कसा वावरतो, याचे एक चित्र निवडणाऱ्याच्या मनात आधीच तयार असते आणि उमेदवाराला त्या चित्रात बसवून पाहिले जाते.

स्वातंत्र्यानंतर घोडा गेला, चित्र राहिले. सी. बी. मुथम्मा १९४८ मध्ये परराष्ट्र सेवेच्या मुलाखतीला गेल्या, तेव्हा मंडळाने त्यांना त्या सेवेपासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. त्या ठाम राहिल्या आणि परराष्ट्र सेवेतील पहिल्या महिला अधिकारी झाल्या. तीन वर्षांनी, १९५१ मध्ये, अ‍ॅना राजम जॉर्ज (पुढे मल्होत्रा) आयोगाचे अध्यक्ष आर. एन. बॅनर्जी यांच्या मंडळापुढे बसल्या. त्यांना सांगण्यात आले की प्रशासकीय सेवा स्त्रियांना मानवणारी नाही. परराष्ट्र सेवा वा केंद्रीय सेवा घ्या, त्या अधिक योग्य आहेत. एकीला परराष्ट्र सेवा अयोग्य म्हणून सांगितली गेली आणि दुसरीला योग्य म्हणून. दोन्ही वेळा सांगणारे मंडळ आयोगाचेच. अ‍ॅना राजम यांनी आपली बाजू मांडली, हट्टाने प्रशासकीय सेवाच घेतली आणि मद्रास राज्यात रुजू झाल्या. मुंबईसमोरील न्हावा-शेवा बंदर उभारण्याची जबाबदारी पुढे त्यांच्याकडे आली. मुलाखत मंडळातील ती मंडळी दुष्ट नव्हती. आपण एका तरुणीला हिताचा सल्ला देत आहोत, असेच त्यांना प्रामाणिकपणे वाटत असणार. पूर्वग्रहाचा सूर बहुधा हिताच्या सल्ल्याचाच असतो.

आजची आयोगाची मुलाखत त्या काळाहून पुष्कळ सुधारलेली आहे, हे मान्य केले पाहिजे. धोलपूर हाऊसमधील मंडळाला उमेदवाराचे लेखी गुण ठाऊक नसतात. मुलाखत साधारण अर्धा तास चालते. उमेदवाराला भारतीय भाषेत बोलता येते, दुभाषा मिळतो. ही उलटतपासणी नसून हेतुपूर्वक केलेले सहज संभाषण आहे, असे आयोगाची अधिसूचनाच सांगते, आणि मानसिक सतर्कता, निर्णयातील समतोल, बौद्धिक व नैतिक प्रामाणिकपणा अशा गुणांची यादीही देते. खासगी क्षेत्रातील बहुतेक मुलाखतींपेक्षा ही प्रक्रिया कितीतरी शिस्तबद्ध आहे.

पण आकडे पाहा. १९७९ च्या रचनेत मुलाखतीला २०५० पैकी २५० गुण होते, म्हणजे १२.२ टक्के, हेच ते न्यायालयाने आदर्श मानलेले प्रमाण. १९९३ पासून २३०० पैकी ३०० झाले, म्हणजे १३ टक्के. २०१३ पासून २०२५ पैकी २७५, म्हणजे सुमारे १३.६ टक्के. वाढ लहान आहे, परंतु ती एकाच दिशेने झाली आहे. आणि टक्केवारी पुरते सत्य सांगतही नाही. परीक्षाशास्त्राची प्राथमिक ओळख असलेल्यालाही ठाऊक असते की एखाद्या चाचणीचे खरे वजन तिच्या कमाल गुणांवर नव्हे, तर गुणांच्या पसरटपणावर ठरते. मुख्य परीक्षेतून वर आलेल्या उमेदवारांचे लेखी गुण एकमेकांना चिकटून असतात. एकेका गुणावर अनेकजण उभे असतात. मुलाखतीत मात्र कोणाला ११० मिळतात, कोणाला २००. नव्वद गुणांची ही तफावत लेखी परीक्षेत भरून काढायला एखाद्याला सात पेपरांत जीव ओतावा लागतो. म्हणून कागदावर १३.६ टक्के असलेली मुलाखत यादीच्या तळाशी, जिथे निवड आणि अपयश यांच्यात दोन गुणांचे अंतर असते, प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जड होते.

कनिष्ठ पदांच्या बाबतीत सरकारने हा प्रश्न मुळातूनच सोडवला. १५ ऑगस्ट २०१५ रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी, मुलाखतीचे पत्र आले की सामान्य कुटुंब शिफारशीच्या शोधात कसे वणवण करते याचे वर्णन करून, छोट्या पदांसाठी मुलाखती बंद करण्याचे आवाहन केले. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारच्या गट ‘ब’ अराजपत्रित आणि त्याखालील पदांसाठी मुलाखती थांबल्या. कौशल्य वा शारीरिक चाचणी राहिली, पण ती केवळ पात्रतेपुरती. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने दिलेल्या माहितीनुसार २३ राज्ये व आठ केंद्रशासित प्रदेशांनी हे अनुकरले होते, आणि त्वरेने पावले उचलणाऱ्यांत महाराष्ट्र व गुजरात यांचा उल्लेख होता. तेलंगणने तर २०२२ मध्ये राज्यसेवेच्या सर्वोच्च, म्हणजे गट-१ च्या पदांसाठीही मुलाखत रद्द केली. हे मोठे आणि चांगले सुधार होते. वशिल्याचा बाजार जिथे सर्वांत स्वस्त होता, तिथे तो उठला.

मात्र याच सुधारणेने एक विसंगती उघडी पाडली. लिपिकाच्या जागेसाठी मुलाखत अविश्वसनीय म्हणून आपण ती काढून टाकली. आणि विद्यापीठात प्राध्यापक नेमताना तीच मुलाखत सर्वस्व मानली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार उमेदवाराचे शैक्षणिक गुण, संशोधन, अनुभव यांचा उपयोग केवळ मुलाखतीसाठी यादी करण्यापुरता आहे. अंतिम निवड फक्त मुलाखतीतील कामगिरीवर. १२.२ टक्के, १५ टक्के, २५ टक्के असा चार दशकांचा न्यायालयीन काथ्याकूट, आणि येथे १०० टक्के! राखीव जागांपुढे ‘कोणीही योग्य आढळले नाही’ असा शेरा मारून त्या रिकाम्या ठेवल्या जातात, ही तक्रार संसदेपर्यंत वारंवार गेली आहे, आणि ती या नियमाशिवाय समजत नाही. ज्याचे प्रबंध, प्रकाशने आणि नेट परीक्षा यांनी त्याला दारापर्यंत आणले, तो दाराच्या आत पंधरा मिनिटांत अयोग्य ठरतो. आणि का, हे कुठेही लिहिलेले नसते.

महाराष्ट्रापुरते एक निरीक्षण. राज्यसेवेच्या जुन्या रचनेत मुख्य परीक्षेला ८०० आणि मुलाखतीला १०० गुण होते, म्हणजे ११.१ टक्के. केंद्राच्या धर्तीवर आलेल्या नव्या वर्णनात्मक रचनेत १७५० आणि २७५, म्हणजे १३.६ टक्के. बहुपर्यायी प्रश्नांऐवजी वर्णनात्मक लेखन आणावे की नाही, यावर पुण्यात आंदोलने झाली, अग्रलेख आले. मुलाखतीचा वाटा या बदलात गुपचूप वाढला, याची चर्चा त्या मानाने फारच कमी झाली.

सरकारी क्षेत्रात निदान न्यायालयात जाता येते. खासगी क्षेत्रात, जिथे बहुसंख्य पदवीधर आज नोकरी शोधतात, मुलाखतीवर जवळपास कोणताच अंकुश नाही. घटनेचा अनुच्छेद १६ राज्यसंस्थेच्या नोकऱ्यांपुरता आहे. स्त्रिया, अपंग, तृतीयपंथी यांच्यासाठी स्वतंत्र कायद्यांत काही तरतुदी आहेत; पण जात, धर्म, प्रांत, भाषा यांवरून खासगी नियोक्त्याने नकार दिला तर त्याविरुद्ध दाद मागता येईल असा सर्वसमावेशक कायदा नाही. शशी थरूर यांनी समानतेचे एक खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. खासगी विधेयकांचे जे होते तेच त्याचे झाले.

या क्षेत्रात काय घडते, याचा अभ्यास मात्र झालेला आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वृत्तपत्रांतील जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार उच्चवर्णीय नावाला पुढचे बोलावणे येण्याचा संभव १ धरला तर दलित नावाला तो ०.६७ आणि मुस्लीम नावाला ०.३३ इतकाच होता. म्हणजे छाप पाडण्याची संधी मिळण्याआधीच छाप पडलेली होती. त्याच सुमारास अश्विनी देशपांडे आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीच्या विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांचा मागोवा घेतला. दलित विद्यार्थ्यांना ‘घरची पार्श्वभूमी’ या प्रश्नाचे मनावर येणारे दडपण त्यात दिसते; इतरांना तोच प्रश्न गप्पांची सुरुवात वाटत होता. आणि सुरिंदर जोधका व न्यूमन यांनी टेबलाच्या पलीकडे जाऊन मनुष्यबळ अधिकाऱ्यांना विचारले. आम्ही जात पाहत नाही, फक्त गुणवत्ता पाहतो, असे जवळपास सगळ्यांनीच सांगितले. आणि त्याच दमात, वडील काय करतात, भावंडे किती शिकली, कुटुंब गावातले की शहरातले, हे विचारणे किती आवश्यक आहे, हेही सांगितले. या दोन विधानांत विसंगती आहे, असे त्यांना वाटतच नव्हते. बंगळूरुच्या माहिती तंत्रज्ञान उद्योगाचा अभ्यास करणाऱ्या कॅरोल उपाध्या यांनी दाखवले की तेथे ‘संवादकौशल्य’ नावाचा निकष मध्यमवर्गीय, इंग्रजी माध्यमातल्या, शहरी घरांत आपसूक मिळणाऱ्या वळणालाच गुणवत्ता समजतो.

चित्र सर्वत्र एकसारखे काळे आहे, असेही नाही. अभिजित बॅनर्जी व सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात केलेल्या अशाच अर्जांच्या प्रयोगात सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीनुसार फरक आढळला नाही. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत मात्र आढळला. मला हा निष्कर्ष विशेष बोलका वाटतो. जिथे कौशल्य थेट तपासता येते तिथे नाव मागे पडते. जिथे बोलणे, आवाज, ‘वळण’ हेच कौशल्य मानले जाते, तिथे नाव पुढे येते. मुलाखत हा प्रकार मुळात दुसऱ्या जातीचा आहे. (शब्द जाणीवपूर्वक वापरला आहे.)

मग मुलाखत सरसकट रद्दच करावी का? माझे मत तसे नाही. लेखी परीक्षा निष्पक्ष असते, हीही एक सोयीची समजूत आहे. कोटा ते राजेंद्रनगर पसरलेल्या शिकवणी उद्योगाकडे पाहिले की ती टिकत नाही. शिवाय काही कामे अशी असतात की माणसाला ऐकल्याशिवाय नेमणे बेजबाबदारपणाचे ठरेल: दंगलीच्या रात्री जमावासमोर उभा राहणारा उपविभागीय अधिकारी, न्यायाधीश, शिक्षक. तेलंगणचा मार्ग मला म्हणूनच पुरता पटत नाही. दुसरीकडे, मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिहार आणि गुजरातमधील न्यायिक भरतीत मुलाखतीसाठी किमान गुणांची अट वैध ठरवली. म्हणजे लेखी परीक्षेत कितीही गुण असोत, मुलाखतीची ती रेषा न ओलांडणारा बाद. न्यायाधीशाच्या पदाला मुलाखत हवी, हे मान्य. पण एकट्या मुलाखतीला नकाराधिकार देणे, आणि तेही मुलाखतीची पद्धत न सुधारता, हे मला धोक्याचे वाटते. प्रश्न मुलाखत असावी की नसावी हा नसून ती कशी घ्यावी हा आहे. आणि त्याचे उत्तर आपल्याला बऱ्याच काळापासून ठाऊक आहे.

१९५५ च्या सुमारास इस्रायली सैन्यात एकवीस वर्षांचा एक मानसशास्त्रज्ञ भरतीच्या मुलाखती सुधारण्याच्या कामावर नेमला गेला. त्याचे नाव डॅनियल कानेमन. पुढे त्याला अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. तोवर मुलाखतकार पंधरा-वीस मिनिटे मोकळ्या गप्पा मारून जवानाविषयी एकंदर मत बनवत, आणि त्या मताचा पुढच्या कामगिरीशी जवळपास काहीच संबंध नसे. कानेमनने सहा गुणवैशिष्ट्ये ठरवली, प्रत्येकासाठी आयुष्यातील प्रत्यक्ष घटनांविषयी ठरावीक प्रश्न दिले, आणि एका गुणाला अंक दिल्याशिवाय पुढच्याकडे जायचे नाही, असा दंडक घातला. मुलाखतकार चिडले, आम्हाला यंत्रमानव करता आहात, असे म्हणाले. तेव्हा त्याने तडजोड केली: सहा अंक देऊन झाल्यावर डोळे मिटा, हा जवान म्हणून कसा असेल याची कल्पना करा आणि सातवा अंक द्या. निकाल आले तेव्हा सहा अंकांची बेरीज जुन्या पद्धतीहून कितीतरी सरस ठरली. आणि गंमत म्हणजे सातवा, अंतर्मनाचा अंकही तितकाच चांगला ठरला. शिस्तीनंतर आलेली छाप उपयोगी असते. शिस्तीऐवजी आलेली नव्हे.

त्यानंतरच्या संशोधनाने हे पुन्हापुन्हा सांगितले आहे. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जुन्या अभ्यासांचा फेरआढावा घेतला, तेव्हा सर्वांना तेच प्रश्न आणि ठरलेले मोजमाप असलेल्या मुलाखतीचा प्रत्यक्ष कामगिरीशी संबंध ०.४२ आला, निवडीच्या सर्व साधनांत तो अव्वल होता. मोकळ्या मुलाखतीचा ०.१९. म्हणजे एकच साधन, वापरण्याच्या पद्धतीनुसार सर्वोत्तम किंवा कुचकामी.

आपल्याकडे याचे एक देशी उदाहरणही आहे. १९४३ पासून चालत आलेली सैन्यदलांची सेवा निवड मंडळे उमेदवाराला पाच दिवस ठेवून घेतात. चित्र पाहून गोष्ट लिहिणे, पंधरा-पंधरा सेकंदांत साठ शब्दांवर प्रतिक्रिया, मैदानावर गटाने करायची कामे आणि मग मुलाखत. मानसशास्त्रज्ञ, गट-चाचणी अधिकारी आणि मुलाखतकार आपापले मत स्वतंत्रपणे बनवतात आणि शेवटच्या दिवशीच एकत्र येतात. तिथे उमेदवाराला छातीवरच्या क्रमांकाने ओळखतात, नावाने नाही. अर्थात वडिलांचा व्यवसाय आणि उत्पन्न विचारणारा माहितीअर्ज तिथेही भरावा लागतो. तेवढे पाहायचा मोह सैन्यालाही आवरलेला नाही.

पाच दिवस प्रत्येक भरतीला देता येणार नाहीत. पण अर्ध्या तासाच्या मुलाखतीतही पुष्कळ करता येईल, आणि त्याला कायदा लागत नाही, एखादे परिपत्रक पुरते. प्रत्येक उमेदवाराला तेच चार-पाच मूळ प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत; पुढचा संवाद हवा तसा वाहू द्यावा. सदस्यांनी चर्चेआधीच, आपापल्या कागदावर, गुणवैशिष्ट्यागणिक अंक द्यावेत, म्हणजे अध्यक्षांचे मत बाकीच्यांच्या पेन्सिलीवर स्वार होणार नाही. कुटुंबाविषयीचे प्रश्न, कामाशी थेट संबंध नसेल तर, विचारूच नयेत. ते ओघात आले असे म्हणण्याची सोयही ठेवू नये. विद्यापीठांनी मुलाखतीचा वाटा निम्म्याहून खाली आणावा आणि वर्गात प्रत्यक्ष शिकवून दाखवण्याला गुण द्यावेत. आयोगांनी दरवर्षी लेखी व मुलाखतीच्या गुणांचा पसरटपणा, प्रवर्ग, लिंग आणि माध्यमभाषेनुसार, नावे वगळून प्रसिद्ध करावा. भेदभाव नसेल तर या आकड्यांतूनच तो नाही हे सिद्ध होईल. आणि ध्वनिमुद्रण. १९८० मध्ये न्यायालयाने ते सुचवले तेव्हा टेपरेकॉर्डर ही जपून ठेवण्याची वस्तू होती. आज मुलाखतीच्या खोलीबाहेर शिपाई उमेदवारांकडून जे फोन काढून टोपलीत ठेवतो, त्यातील प्रत्येकात ती सोय आहे.

उमेदवारांना काय सांगावे, असे अनेक तरुण मला विचारतात. मी त्यांना सराव करू नका असे सांगत नाही. आहे त्या खेळात आहे त्या नियमांनी उतरावेच लागते. सदरा फिका घाला, आणि आपल्या कामाविषयी बोलण्याची एकही संधी सोडू नका, इतकेच म्हणतो. दुसऱ्या सूचनेसाठी समोरच्यांनी कामाविषयी विचारावे लागते, हे मला ठाऊक असते.

त्या विद्यापीठातील समितीच्या गुणपत्रकावर नावापुढे एकच रकाना होता: मुलाखत, शंभरपैकी. पहिल्याची निवड झाली, तिची झाली नाही. तो पुढे वाईट शिक्षक निघाला असेल, असे मानायला काही कारण नाही. माझ्याकडे त्या दिवसाचे टिपण अजून आहे. कालव्याच्या टोकाकडच्या गावांत काढलेल्या दोन हंगामांबद्दल आम्ही तिला एकच प्रश्न विचारला होता: हेच इंग्रजीत सांगाल का?